बोगद्यांतील हवा आणि स्टर्टेव्हंटचे पंखे

जम्मू-श्रीनगर महामार्गावरील चेनानी-नाशरी बोगदा २ एप्रिल २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला, तेव्हा त्याच्या सुमारे सव्वानऊ किलोमीटर लांबीची चर्चा अधिक झाली. त्यातील वायुवीजन पद्धती ही तितकीच महत्त्वाची बाब काहीशी मागे राहिली. ताजी हवा एका वाहिनीतून आत सोडायची आणि दूषित हवा दुसऱ्या वाहिनीतून ओढून घ्यायची, ही आडव्या प्रवाहाची पद्धत भारतातील रस्ते बोगद्यांत प्रथमच पूर्ण स्वरूपात वापरण्यात आली. जगात ती मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली ती १९२७ मध्ये, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांना हडसन नदीखालून जोडणाऱ्या हॉलंड बोगद्यात. तेथील पंखे पुरविणाऱ्या कंपनीचा इतिहास आजही विचारात घेण्याजोगा आहे.

ही कंपनी म्हणजे बॉस्टनची बी. एफ. स्टर्टेव्हंट. तिचे संस्थापक बेंजामिन फ्रँकलिन स्टर्टेव्हंट यांचा जन्म १८३३ मध्ये मेन राज्यातील एका गरीब कुटुंबात झाला. व्यवसायाने ते जोडे तयार करणारे कारागीर होते. जोड्यांच्या तळव्यांत लाकडी खुंट्या ठोकणारे यंत्र त्यांनी तयार केले; मात्र पैशांअभावी त्याचा फारसा लाभ त्यांच्या पदरी पडला नाही. जोड्यांच्या कारखान्यांत तळवे घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रांतून लाकूड-चामड्याची बारीक धूळ उडे आणि ती कामगारांच्या छातीत जाई. ही धूळ उगमापाशीच शोषून घेणारा पंखा स्टर्टेव्हंट यांनी १८६०च्या दशकात बनविला. पुढे याच पंख्याने त्यांना उद्योगपती केले. धूळ ओढणारा पंखा लोहाराच्या भट्टीला वाराही देऊ शकतो, गिरणीतील माल वाळवू शकतो, जहाजाच्या बॉयलरखालची आगही फुलवू शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

१८९० मध्ये त्यांचे निधन झाले. कारभार जावई यूजीन फॉस यांच्याकडे आला. फॉस हे १९११ ते १९१४ या काळात मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नरही होते. पुढे बॉस्टनच्या हाइड पार्क भागात मोठा कारखाना उभा राहिला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कंपनीने विमानांच्या उत्पादनातही हात घालून पाहिला. तिचे नाव राहिले ते पंख्यांमुळेच.

हॉलंड बोगद्यापुढील पेच त्यापूर्वी कोणापुढे आला नव्हता. मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सुमारे अडीच किलोमीटरच्या बंदिस्त नळीत हजारो मोटारी चालल्या तर प्रवासी बेशुद्ध पडतील, ही भीती अनाठायी नव्हती. एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे हवा ढकलावयाची, तर रस्त्यावर वादळी वेगाचा वारा वाहिला असता. त्यामुळे येल विद्यापीठात स्वयंसेवकांना हवाबंद कक्षात बसवून हा वायू किती प्रमाणात सहन होतो, याची पाहणी करण्यात आली. पिट्सबर्गजवळील खाणीत एक चाचणी बोगदाही उभारण्यात आला. या निष्कर्षांच्या आधारे अभियंते ओले सिंगस्टाड यांनी रस्त्याखालून ताजी हवा सोडण्याची आणि छतावरील वाहिनीतून दूषित हवा खेचण्याची योजना आखली. मुख्य अभियंता क्लिफर्ड हॉलंड यांचे १९२४ मध्ये, काम पूर्ण होण्यापूर्वीच निधन झाले होते. चार इमारतींत ८४ पंखे बसविण्यात आले. त्यांपैकी निम्मे हवा आत सोडणारे व निम्मे बाहेर टाकणारे होते. बोगद्यातील सारी हवा सुमारे दीड मिनिटात बदलावी, अशी ही रचना होती.

पंख्यांची खरी कसोटी लागली ती १३ मे १९४९ रोजी. कार्बन डायसल्फाइडची पिंपे नेणाऱ्या एका मालमोटारीने बोगद्यात पेट घेतला. ६६ जण जखमी झाले. तरीही छतावाटे धूर ओढणारे पंखे चालू राहिल्याने बोगद्याचे रूपांतर सापळ्यात झाले नाही. याउलट २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स-इटली सीमेवरील माँ ब्लाँ बोगद्यात ३९ जणांचा बळी गेला. तेथेही पंखे होते, पण चौकशीत आढळल्याप्रमाणे इटलीकडील नियंत्रण कक्षाने धूर खेचू शकणारी वाहिनीही ताजी हवा सोडण्यासाठीच चालविली आणि धुराचा लोट अधिक पसरला. थोडक्यात, यंत्र चांगले असणे पुरेसे नाही. आणीबाणीच्या पहिल्या काही मिनिटांत ते कोणत्या दिशेने फिरवायचे, याचे उत्तर आधीच तयार असावे लागते.

उत्पादकाचे काय झाले? १९४०च्या दशकात स्टर्टेव्हंट कंपनी वेस्टिंगहाउसने घेतली. पुढे वेस्टिंगहाउसनेच आपला औद्योगिक पसारा विकून १९९७ मध्ये सीबीएस हे प्रसारण क्षेत्रातील नाव धारण केले. एका पंखा-उद्योगाची वंशावळ अखेर दूरचित्रवाणीपाशी यावी, हा योगायोग गमतीचा असला, तरी त्यामागील प्रश्न गंभीर आहे. बोगदा शतकभर टिकतो. त्यातील यंत्रे बनविणारी कंपनी तेवढी टिकेलच, असे नाही.

भारतात या प्रश्नाला आता वजन आले आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या, रोहतांगखालील अटल बोगद्यात अर्ध-आडव्या प्रवाहाची पद्धत वापरण्यात आली आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरील सुमारे दोन किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांसाठी २०२४ मध्ये साकार्डो पद्धत अमलात आली. त्यात तोंडाशी असलेल्या मोठ्या पंख्यांची हवा वाहतुकीच्या दिशेने आत सोडली जाते. तिन्ही पद्धती निराळ्या आणि त्यांचे सुटे भाग, त्यांची देखभाल व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही निराळे. निविदा काढताना बांधकामाच्या खर्चाचे जेवढे बारकाईने हिशेब होतात, तेवढेच पुढील पन्नास वर्षांच्या देखभालीचेही होणे आवश्यक आहे. ती जबाबदारी कंत्राटाच्या मुदतीबरोबर संपणारी नाही.

हॉलंड बोगद्याचा कारभार १९३०च्या दशकाच्या आरंभापासून पोर्ट ऑथॉरिटी या एकाच सार्वजनिक संस्थेकडे आहे. पंख्यांचा मूळ उत्पादक नामशेष झाल्यानंतरही ते फिरते ठेवण्याचे काम तिच्याकडेच राहिले.