सी ड्राइव्ह जागा झाला पाहिजे

पडाव म्हटले की आपल्या गोमंतकीय वाचकाला शिडाचे गलबत आठवते. ग्वाल्हेरला मात्र पडाव म्हणजे मुक्काम, तळ. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला सैन्याचा तळ दिला आणि पुढे त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले. रेल्वे स्टेशनाजवळची पडाव ही वस्ती नावाने तरी त्याच कुळातली. शिंद्यांच्या मागोमाग गेलेली मराठी कुटुंबे ग्वाल्हेरात अजून आहेत. बाहेर हिंदी, घरात मराठी, असा त्यांचा दोनशे वर्षांचा संसार.

पडावातल्या अशाच एका घरी मी एक जुना संगणक पाहिला आणि माझे एक मत पक्के झाले. जुने संगणक चालू करत बसणे हा रिकामटेकड्यांचा छंद, असे आपण समजतो. इंग्रजीपुरते ते खरे असेलही. मराठीचे तसे नाही. मराठीतला बराच मजकूर असा आहे की तो लिहिणारा संगणक स्वतःच्या हार्ड डिस्कवरून सुरू झाला तरच तो नीट वाचता येतो.

कारण सांगतो. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ मध्येच, देवनागरी होती. पण विंडोजमध्ये तिची सोय झाली ती २००० साली. त्याआधी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड होते. ते संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली सरकारी मानक असल्याने तो मजकूर आज उलगडता तरी येतो. पण छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत चालत ते निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले, आणि प्रत्येकीने आपल्या मनाप्रमाणे! फाँट असेल तर ‘क’ दिसतो, नसेल तर कुठलेतरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. भरीला अनेक पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टात खोचायचे कुलूप असे. कुलूप नाही तर पॅकेज नाही.

पडावातल्या त्या काकांनी १९९२-९३ च्या सुमारास घरीच डीटीपीचा जोडधंदा केला होता. लग्नपत्रिका, मंडळाची स्मरणिका, अशी कामे. त्याच संगणकावर त्यांनी वडिलांच्या आठवणी टंकून ठेवल्या होत्या. संस्थानी ग्वाल्हेरातले बालपण, वाड्यातली माणसे, संस्थान विलीन होतानाचे दिवस. पुस्तक काही निघाले नाही. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. राहिली ती ४० एमबीची डिस्क, आणि तीही एका दुरुस्तीवाल्याने “गेली” म्हणून सांगितलेली. “भंगारात द्यायचं मन होईना,” काका म्हणाले, एवढेच.

डिस्क गेलेली नव्हती. संगणक लावला की ती फिरताना ऐकू येत होती. पडद्यावर ‘सी ड्राइव्ह फेल्युअर’ येई, त्याचे कारण निराळे होते. त्या काळच्या संगणकाला आपली डिस्क कोणत्या मापाची हे आपोआप कळत नसे. ते माप तो एका लहानशा बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवी. बॅटरी मेली की स्मृती गेली. इथे तर बॅटरी फुटून बोर्डावर हिरवी बुरशीसारखी पुटे चढली होती. ती काढून, जागा व्हिनेगरने आणि मग स्पिरिटने पुसून, बाहेरून सेल जोडले. डिस्कवरच्या चिठ्ठीवर माप छापलेले होतेच : सिलिंडर ९७७, हेड ५, सेक्टर १७. गुणाकार केला तर ८३,०४५ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे सव्वाचार कोटी बाइट. आज मोबाइलवरच्या दहा-बारा फोटोंना एवढी जागा लागते. एका घराच्या आठवणींना ती पुरून उरली होती.

आकडे भरल्यावर संगणक डिस्कपर्यंत पोचला, पण पुन्हा अडला. ‘नॉन-सिस्टम डिस्क’. इथे थोडे थांबायला हवे, कारण माणसे घाई करतात ती इथेच. संगणक सुरू होतो तेव्हा डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो. तो कोणत्या भागाकडे जायचे ते सांगतो. त्या भागाचा पहिला सेक्टर डॉसच्या दोन लपवलेल्या फायली शोधतो. त्या मिळाल्या की मग कमांड डॉट कॉम आणि शेवटी सी प्रॉम्प्ट. या साखळीतली एक कडी तुटली तरी संगणक अडतो. बाकीचा मजकूर मात्र सुरक्षित असू शकतो. कडी जोडायची तर डिस्कवर काहीतरी लिहावे लागते, आणि तीस वर्षांच्या डिस्कवर काही लिहिण्याआधी तिची जशीच्या तशी नक्कल काढलीच पाहिजे. यूएसबीची साधी जोडणी इतक्या जुन्या डिस्कला बहुधा चालत नाही. मापाचे आकडे हाताने भरता येतात अशा जुन्या पेन्टियमला ती जोडून, सेक्टर न् सेक्टर उतरवून घेतला. मगच त्याच आवृत्तीच्या डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करून सिस्टमच्या फायली पुन्हा बसवल्या. फ्लॉपी काढली, बटण दाबले, आणि सी प्रॉम्प्ट आला. विंडोज उघडले. कुलूप प्रिंटरच्या पोर्टात होतेच. पडद्यावर वडिलांचे मराठी उभे राहिले.

आता कोणी विचारील, नक्कल मिळालीच होती, मग संगणक जागवायचा खटाटोप कशाला? आम्हीही नकलेतल्या फायली लॅपटॉपवर उघडून पाहिल्या होत्या. नुसता गोंधळ! त्यांचे युनिकोड करून देणारी साधने आहेत, पण त्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, जसा डोळ्यांना दिसतो तसा. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा. त्यामुळे नेमकी वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. ‘कर्म’ होते की ‘क्रम’, हे ठरवायला मूळ पान समोर लागते. ते दाखवतो तो फक्त जुना संगणक. अलीकडे अशी नक्कल नव्या संगणकात जुन्याचा आभास निर्माण करूनही चालवता येते. उत्तम सोय आहे, पण कुलूपवाली पॅकेजे तिथेही हटून बसतात.

आपल्या गोमंतकाला ही गोष्ट नवी वाटू नये. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीन वेळा छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? हातांनी उतरवलेल्या पोथ्यांमधून. त्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, आणि लंडनच्या मार्सडन संग्रहात तर त्याची देवनागरी पोथीही आहे. छापील वस्तू संपली, नक्कल टिकली. लिपीची अडचणही तीच : अक्षर एका घरचे, खिळे दुसऱ्या घरचे.

म्हणूनच माझे म्हणणे एवढेच. १९९० ते २००५ या काळातल्या आपल्या देवस्थानांच्या स्मरणिका, नाटकांच्या संहिता, लहान दिवाळी अंक, कुणाकुणाची न छापलेली पुस्तके अशाच डिस्कांवर पडून आहेत. छापखाना बंद झाला की संगणक माळ्यावर जातो आणि माळा झाडला की भंगारात. निदान तिथे जाण्याआधी तो उघडा. बॅटरी पाहा, चिठ्ठीवरचे आकडे टिपून घ्या, प्रिंटरच्या पोर्टातले ते चिमुकले कुलूप फेकू नका. आधी नक्कल, मग दुरुस्ती, मग वाचन, याच क्रमाने. आणि हे लवकर करा. डिस्क अजून फिरताहेत, आणि त्या कशा लावायच्या हे ठाऊक असलेली माणसे अजून आहेत.