सर्किटची भाषा यंत्राला कोण शिकविणार?

प्रतिनिधी, बदलापूर : कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'एजंट' आता इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या आराखड्यापर्यंत येऊन पोहोचले आहेत. सर्किटची मांडणी करणे, संगणकावर त्याची चाचणी घेणे, चुका शोधणे ही कामे त्यांच्याकडे सोपविण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत. एजंट किती हुशार, याची चर्चा भरपूर होते. ज्या सॉफ्टवेअरवर त्याने काम करायचे, त्याची माहितीपुस्तिका कोणी आणि कशी लिहायची, हा प्रश्न मात्र मागेच पडलेला दिसतो. खरी गोम तिथेच आहे.

मुंबईच्या परिघात या प्रश्नाला एक थेट संदर्भ आहे. पवईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अर्थसाह्याने 'ई-सिम' हे सर्किट आरेखनाचे मुक्त सॉफ्टवेअर विकसित केले. त्याचे आधीचे नाव 'ऑस्कॅड'. 'कीकॅड', 'एनजीस्पाईस' आणि 'जीएचडीएल' या मुक्त साधनांची त्यात मोट बांधलेली आहे. व्यावसायिक सॉफ्टवेअरचे परवाने सामान्य महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे असतात. त्यामुळे कात्रपसारख्या वस्तीतून रोज लोकलने महाविद्यालय गाठणारा पदविकेचा विद्यार्थी असो वा अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतला लघुउद्योजक, त्याला परवडेल असा हाच मार्ग उरतो. एजंटचा लाभ अशांना व्हायचा असेल, तर तो याच साधनांमार्फत होईल.

अडचण कुठे येते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 'एनजीस्पाईस'चे मूळ अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेल्या 'स्पाईस' या प्रणालीत आहे. तिच्या काही सवयी आजही कायम आहेत. तेथे लहान-मोठ्या लिपीत भेद नाही आणि 'एम' म्हणजे 'मिली'. 'मेगा'साठी 'मेग' असे लिहावे लागते. त्यामुळे एखाद्याने दहा लाख ओहमचा रोध 'एक एम' असा लिहिला, तर सॉफ्टवेअर तो एक हजारांश ओहम समजते. पाच व्होल्टला त्यातून पाच हजार अँपिअर प्रवाह वाहतो आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. धारित्रापुढे 'एक एफ' लिहिले तर एक फॅराड नव्हे, तर एक फेम्टोफॅराड! शिवाय फाईलची पहिली ओळ शीर्षक मानली जाते. तेथे विद्युतस्रोत लिहिला तर तो गडप होतो.

मुरलेला अभियंता पाच हजार अँपिअर पाहून थबकतो. एजंट थबकेलच, याची शाश्वती नाही. म्हणून या बाबी पुस्तिकेच्या कुठल्याशा परिशिष्टात असून भागत नाही. आज्ञेच्या वर्णनातच त्या असाव्या लागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'अँथ्रॉपिक' कंपनीने जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्ये प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला द्यायच्या माहितीचा साचा एजंटपुढे ठेवला जातो. एजंटच्या दृष्टीने पुस्तिका जवळपास तेवढीच. एककांचा उल्लेख तेथे राहून गेला, तर पुढचे सारे गणित फसते.

'कीकॅड'चेच उदाहरण घ्या. २०२४ मधील आठव्या आवृत्तीपासून सर्किट व बोर्डची नियम-तपासणी खिडकी न उघडता, आज्ञेद्वारे करता येऊ लागली. एजंटसाठी ही मोठीच सोय. पण विशिष्ट पर्याय दिला नाही, तर तपासणीत दोष आढळूनही आज्ञा 'यशस्वी' असाच संकेत देऊन संपते. अहवाल न उघडणारा एजंट निर्धास्तपणे पुढे जाणार. फेब्रुवारी २०२५ च्या नवव्या आवृत्तीत प्रोग्रॅमिंगची जुनी पायथन जोडणी कालबाह्य ठरवून नवी आणली गेली. त्या आवृत्तीत ती केवळ बोर्ड संपादकापुरती होती. जुन्या उदाहरणांवर पोसलेला एजंट जुनेच लिहीत राहतो. कोणती आज्ञा कोणत्या आवृत्तीत चालते, हे सांगणारा साधा तक्ता येथे दहा पाने गोडव्यांपेक्षा उपयोगी ठरतो.

नियम-तपासणीची मर्यादाही स्पष्ट लिहायला हवी. एखादी पिन मोकळी राहिली वा दोन आउटपुट एकमेकांना भिडले, हे ती सांगते. सर्किट अपेक्षित काम करते का, हे ती सांगू शकत नाही. पुस्तिकेत हा फरक नसेल, तर 'तपासणी उत्तीर्ण' म्हणजे 'आराखडा बरोबर' असा अर्थ लावला जाईल. माणसेही तो लावतातच!

'फॉसी'कडे या कामाचे भांडवल मात्र आहे. ई-सिमवर सर्किटे उभारून देणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन देण्याची योजना तेथे राबविली गेली आणि ती सर्किटे सर्वांसाठी खुली झाली. 'स्पोकन ट्युटोरियल' या आयआयटीच्याच प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत संगणकाचे धडे दिले. परंतु दृक्श्राव्य धडा माणसाला 'येथे क्लिक करा' असे दाखवितो. एजंटला माऊसची जागा नको, आज्ञेचा नेमका मजकूर हवा. सर्किटांच्या जोडीला कोणते एकक वापरले, कोणते उत्तर अपेक्षित आहे आणि कोणती चूक नेहमी होते, अशी नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. त्यासाठी मानधनाचे निकष बदलावे लागतील. कारण सर्किट मोजता येते, नीट लिहिलेले पान मोजणे अवघड.

अशा पानाची परीक्षा घेणे मात्र सोपे आहे. एक किलो-ओहम रोध आणि एक मायक्रोफॅराड धारित्र यांचा साधा फिल्टर सुमारे १५९ हर्ट्झला छेद देतो. एजंटला केवळ ते पान वाचायला द्यावे आणि हाच फिल्टर बांधायला सांगावा. १५९ ऐवजी भलताच आकडा आला, तर आधी एजंटकडे नव्हे, त्या पानाकडे पाहावे.