वायरलेसचा दिवा लागला म्हणजे हाक पोचली असं नाही

मंडळी, 31 जुलैला बंदी संपते. त्याआधी आपण इंजिन खोलतो, जाळी शिवतो, बोटीला रंग काढतो. व्हीएचएफ वायरलेसचं मात्र बटण दाबलं, दिवा लागला, की झालं. आमच्या मते ही तपासणीच नव्हे.

लोंढा-मिरज लाईनवरच्या जुन्या माणसांना आठवत असेल. 1990 च्या दशकात गेज बदलेपर्यंत लोंढ्याकडची लाईन मीटरगेज, मिरजेच्या पुढे पुण्याकडे ब्रॉडगेज. गाडी सरळ पुढे जायची नाही, मिरजेला माल उतरवून पुन्हा चढवायचा. वायरलेसचंही तसंच. सेट, केबल, अँटेना तिन्ही 50 ओहमला जुळायला हवेत. अँटेना जुळली नाही की काही ताकद मागे फिरते. किती, ते एसडब्ल्यूआर मीटर सांगतो: आकडा 1.5 असेल तर 4 टक्के, 2 ला 11 टक्के, 3 ला 25 टक्के.

बिघाड कुठल्या बाजूचा, हे स्मिथ चार्टवर दिसतं. बेल लॅबच्या फिलिप स्मिथ यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेला हा गोल नकाशा आजच्या अॅनालायझरच्या पडद्यावरच येतो. ठिपका मधोमध, तर जुळलं. अगदी कडेला, तर सगळं परत. अँटेनाच्या बुंध्याशी मोजताना ठिपका वर गेला तर अँटेना साधारण लांब, खाली गेला तर आखूड.

पण एक मेख आहे. केबलमध्ये खारं पाणी शिरलं की ती जाणारी ताकद खाते आणि परत येणारीही खाते. मग सेटजवळचा मीटर छान आकडा दाखवतो, पण अँटेनापर्यंत फारसं काही पोचतच नाही. म्हणून पुढे जाणारी ताकद सेटपाशी आणि अँटेनाच्या बुंध्याशी, दोन्हीकडे मोजायची. वर फार कमी भरली तर केबल बदला. टीव्हीची 75 ओहमची केबल जोडून वेळ मारू नका. आणि चाचणी चॅनल 16 वर नको, तो संकटासाठी राखलेला आहे.

प्रत्येक बोटमालकाने मीटर घ्यावा असं आम्ही म्हणत नाही. सोसायटीने एकच संच घ्यावा, बंदीच्या दोन महिन्यांत बंदरातल्या सगळ्या बोटी तपासाव्यात आणि आकडे वहीत लिहावेत. पुढच्या वर्षी आकडा चढला की बिघाड आधीच कळेल.

मोबाईल आहे की, असं काही जण म्हणतील. खोल समुद्रात रेंज गेल्यावर तांडेलाच्या हातात वायरलेसच उरतो. त्याची हाक शेजारच्या बोटीला ऐकू गेली पाहिजे. येत्या सभेत हा विषय घ्याच.