यॉट त्यांची, पाणी कोणाच्या बापाचं?

दोस्तहो, मी यॉट बघून आलो.

फोटोत नाही, पायाखाली घेऊन बघितली. तीही अनवाणी. वर चढायच्या आधी चपला काढाव्या लागतात, टोपली ठेवलेली असते. देवळाबाहेर काढतात तशा. फरक एवढाच की देवळाच्या पायरीवरून माझ्या आज्याला हाकलला होता आणि इथं मला आत घेतला. का, तर माझ्या खांद्यावर बर्फाची पेटी होती. हमालाला सगळीकडे प्रवेश असतो, ओझं उतरेपर्यंत.

शनिवारची सकाळ. धक्क्यावर पाळी नव्हती. मुकादम म्हणाला, गेटवेसमोर एक बोट नांगरून आहे, सामान चढवायचंय, साहेबलोक मांडव्याला चाललेत, उद्या सांजच्याला परत. दोघं जण लहान होडीतून गेलो. बर्फ, सोडा, मासळी, मटण, फुलं, टॉवेल. दोन दिवसांच्या मौजेचं सामान चार फेऱ्यांत चढलं.

बोट साठ-सत्तर फुटांची. आमच्या धक्क्याला लागणाऱ्या जहाजापुढं हे पिल्लू. पण जहाजात गहू येतो, खत येतं, पोलाद येतं. हिच्यात काही येत नाही आणि हिच्यातून काही जात नाही. आठ-दहा माणसांचा शनिवार-रविवार तेवढा हिच्यात भरायचा आणि फिरवून आणायचा.

मागच्या बाजूला सागवानी डेक, पांढऱ्या गाद्या. काचेचं दार सरकवलं की दिवाणखाना, थंडगार. जिना उतरून खाली झोपायच्या तीन खोल्या, प्रत्येकीला वेगळं न्हाणीघर. टपावर दुसरं सुकाणू, कशाला तर ऊन खात खात बोट हाकायला. मागं पाण्यालगत एक फळी. बटण दाबलं की फळी पाण्यात उतरते, म्हणजे साहेबाला समुद्रात पाय सोडायला वाकावं लागत नाही. पोटात दोन इंजिनं, हजार-हजार हॉर्सपॉवरच्या घरातली. वेगात सोडली तर तासाला तीनशे लिटरच्या आसपास डिझेल पितात. गावाकडे पाण्याचा टँकर आठवड्यात जेवढं डिझेल जाळत नाही, तेवढं ही एका दुपारी जाळणार.

खोटं बोलणार नाही. कोणी बघत नव्हतं तेव्हा त्या गादीवर मी हात फिरवला. बसलो पण असतो. माझ्या आईला तिथं बसवावं असं क्षणभर वाटलं. दारिद्र्याचं कौतुक करणारे, साधी राहणी शिकवणारे टोपीवाले आम्ही नव्हे. सुख वाईट असतं असं आम्ही कधी म्हटलं नाही. सुखाचा हिशेब मात्र मागणार.

हिशेब मागच्या बाजूला सापडला. इंजिनाशेजारी एक लोखंडी झाकण. खलाशानं उचलून दाखवलं. पोरगा रत्नागिरीकडचा, माझ्याच वयाचा. खाली दोन फळ्या, एक पंखा, मान ताठ करून बसता येत नाही एवढी उंची. 'ही आपली केबिन,' म्हणाला आणि हसला. वरच्या तीन न्हाणीघरांत ह्याला मुतायची परवानगी नाही. पाहुणे झोपले की हा जेवतो. आणि संडासाची टाकी तुंबली की कोणाला बोलावतात? त्यासाठी वेगळा माणूस आहे. त्याचं आडनाव विचारू नका. तुम्हाला माहीत आहे. समुद्रावर पण गावकुसाबाहेर एक वस्ती असते, फक्त ती डेकखाली असते.

मग त्यानं नळी लावली आणि डेक धुवायला घेतला. समुद्राचंच पाणी असेल म्हणून मी ओंजळ धरली, तोंडाला लावली. गोडं! च्यायला, पिण्याचं पाणी! तो म्हणाला, मीठ वाळलं की रंग खातं, स्टील खातं, म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी-नंतर बोटीला गोड्या पाण्यानं आंघोळ घालायला लागते. पोटात हजार लिटरच्या आसपास गोड्या पाण्याची टाकी आहे.

त्या नळीपाशी मला माझा मुलूख आठवला.

बाप साताऱ्यातल्या खटावचा, आई सांगलीतल्या जतची. दोन्हीकडं पाऊस रुसलेला. आई सांगते, तिच्या लग्नात हळदीपेक्षा पाण्याची चिंता जास्त होती. टँकर यायचा तो आधी वाड्याकडं, मग गावात, आणि तळाशी उरलेलं गढूळ आमच्या वस्तीत. हजार लिटर म्हणजे आमच्या आख्ख्या आळीचा एक दिवस. इथं ते स्टीलच्या कठड्यावर ओततात.

कोणी म्हणेल, पाऊस देवानं पाडायचा, त्यात जात कुठून आणलीस? ऐक. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. पाऊस निसर्गानं पाडला. पण पडलेलं पाणी कुठं अडवायचं, कुठल्या पाटानं न्यायचं, कोणाच्या उसाला पाजायचं, हे निसर्गानं ठरवलं नाही. ते बंगल्यात ठरलं, कारखान्याच्या सभेत ठरलं. पाणी जमिनीच्या मागं जातं. सातबारा ज्याचा, पाणी त्याचं. ज्याच्या सातबाऱ्यावर काहीच नाही त्याला कालव्याच्या काठावर पण तहानच. आपल्यातल्या किती घरांना सातबारा आहे? मोजा. बोटं पुरतील.

ह्याच जिल्ह्यात 1901 साली एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा भावाबरोबर, भाच्यांबरोबर मसूर स्टेशनला उतरला. बाप खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर होता. काम कसलं? दुष्काळी कामावर सरकार तळं खोदत होतं, त्याचं. पोरांची जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागं सरला. गाडीवाले गाडी देईनात. दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची, तो शेजारून चालणार. डब्यात जेवण होतं, पाणी नव्हतं. टोलनाक्यावर मुसलमान आहोत असं सांगूनसुद्धा थेंब मिळाला नाही. रात्र तहानेनं काढली. बाप तळ्याच्या कामाचा पैसा सांभाळतोय आणि लेकरांना घोटभर पाणी नाही! तो पोरगा म्हणजे भीमराव. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे सगळं त्यांनी लिहून ठेवलंय. आणि 20 मार्च 1927 ला त्याच माणसानं महाडच्या चवदार तळ्याची ओंजळ भरली. ते नुसतं तहान भागवायला नव्हतं. माणूस म्हणून पाण्यावर हक्क सांगायला होतं.

आता त्या हक्काचं काय झालं ते बघू.

साताऱ्याच्या पश्चिमेला कोयना. 105 टीएमसीचं धरण. शिवसागर जलाशयाखाली गावंच्या गावं गेली. माणसं उठवली आणि सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत फेकली. पाण्याचा मोठा वाटा बोगद्यातून पश्चिमेला उतरला, त्याची वीज झाली, त्या विजेवर मुंबईचे दिवे लागले. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयनानगर पडलं, माणसं मेली. आणि 2018 साली, म्हणजे धरण होऊन अर्धं शतक उलटल्यावर, तेच धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या मारून बसले होते. मागणी काय? जमीन द्या. पन्नास वर्षांपूर्वीची बाकी! पोरांचे आजे झाले तरी पुनर्वसनाची फाईल तरुणच.

फाईल हलली नाही, बोटी मात्र हलल्या. 2024 च्या मार्चमध्ये मुनावळ्याला सरकारनं जलपर्यटनाचा बार उडवला. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. स्पीडबोट, जेट स्की. आज जेट स्की आहे, उद्या दिवाणखान्याची बोट येईल. जाहिरातीत शब्द एकच: निसर्गरम्य. अरे, त्या रम्य पाण्याखाली चुली आहेत, जोती आहेत, कोणाची तरी मसणवट आहे. ज्यांची गावं बुडाली त्यांची पोरं आता लाइफ जॅकेटचे बंद बांधून देणार आणि त्याला 'स्थानिकांना रोजगार' म्हणायचं. बामणोलीच्या गड्यांनी वासोट्याला बोटी नेऊन पोट भरलं तर मी त्यांना बोल लावणार नाही. पोटाला बोल लावत नसतात. बोल सरकारला. जमीन द्यायला पन्नास वर्षं पुरत नाहीत आणि मौजेला मुहूर्त ताबडतोब सापडतो.

हेच पाणी पुढं कृष्णेला मिळून सांगलीला जातं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ. चहूकडं पाणी. गावात होती ती ग्रामपंचायतीची बोट. जीव वाचवायला माणसं तिच्यात चढली, झेपणार नाहीत एवढी. 8 ऑगस्टला ती उलटली. सतरा माणसं गेली. बाया होत्या, लेकरं होती. एका नदीवर दोन बोटी बघा, दोस्तहो. वर शिवसागरात मौजेची बोट: मोजकी माणसं, प्रत्येकाला जॅकेट. खाली ब्रह्मनाळला जीवाची बोट: माणसं मावेनात. ह्यालाच मी राज्यव्यवस्था म्हणतो. बोट कोणाला द्यायची, हे ती ठरवते.

आणि त्याच सांगलीत पूर्वेला जत. 2012 च्या दुष्काळात तिथल्या चाळीसेक गावांनी म्हटलं, पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो. 2022 साली कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तो विषय उकरला तेव्हा इकडच्या पुढाऱ्यांना अस्मिता आठवली. अस्मिता घागरीत भरता येत नाही. माझ्या मामीला विचारा.

हे सगळं मी एका कवीमित्राला सांगितलं. चळवळीतला, आता बऱ्यापैकी नोकरीत. तो म्हणाला, 'तू रडगाणं सोड. उद्या आपला माणूस यॉट घेईल, वर निळा झेंडा लावील, तेव्हा बघ ह्यांची कशी जळते.' टाळी मागितली त्यानं.

मी टाळी दिली नाही. हा लेख त्याच टाळीसाठी लिहितोय.

मित्रा, झेंडा निळा लावलास तरी झाकणाखालची केबिन तेवढीच राहणार. मान वाकवून कोणीतरी बसणारच. उद्या तू वर बसशील, खाली कोण? संडासाच्या टाकीत हात घालायला कोणाचं आडनाव शोधशील? चवदार तळ्यावर बाबासाहेब एकटे आपली ओंजळ भरायला गेले नव्हते. हजारो माणसं मागं होती. एकट्यानं वर चढणं ह्याला बढती म्हणतात, मुक्ती म्हणत नाहीत. शत्रूची जळावी एवढंच ध्येय असेल तर फटाके घे, स्वस्त पडतील.

मुक्तीचं पाणी कसं असतं ते आपल्याच मुलखानं दाखवलंय. 1980 च्या दशकात सांगलीतल्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीच्या माणसांनी, मुक्ती संघर्षच्या कार्यकर्त्यांनी बळीराजा धरण बांधलं. पैसा कुठला? नदीतली वाळू ठेकेदारानं उपसायची, तर गावानंच थोडी विकून पैसा उभारला. आणि नियम काय? पाण्याचा वाटा सगळ्यांना, भूमिहीनालाही. सातबारा नसला तरी माणूस आहे ना, मग वाटा आहे. 1993 पासून आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांनी तेच लावून धरलं. समन्यायी वाटप. हे काही स्वप्न नाही. नदी तीच, माणसं तीच, फक्त हिशेब उलटा मांडला.

म्हणून आपण काय मागायचं ते स्पष्ट बोलू. कृष्णाकाठच्या पूर येणाऱ्या प्रत्येक गावाला, प्रत्येक वस्तीला पुरेशा बोटी आणि जॅकेटं आधी द्या, तिथल्या पोरांना चालवायला शिकवा. मौजेच्या बोटी नंतर. कोयनेच्या धरणग्रस्ताची शेवटची जमीन देऊन झाल्याशिवाय त्या पाण्यावर नवा परवाना नको. आणि माण, खटाव, जत, आटपाडीत पाणी माणशी मोजा, एकराशी नको. एवढं झालं की मग आणा यॉट. माझ्या आईला मीच चढवीन. चपला घालून.

त्या दिवशी खलाशानं इकडं तिकडं बघितलं आणि नळी माझ्या हातात दिली. मी पोटभर प्यालो, मग ती त्याच्या तोंडाला धरली. तेवढ्यात वरून हाक आली, डेक वाळतोय.

जत-खटावमधून मुंबईला आलेल्या पोरांनो, येत्या सुट्टीत गावाला जाल तेव्हा एक काम करा. वस्तीतल्या कोणाकोणाला पाण्याचा वाटा आहे, किती आहे, टँकर आधी कोणाच्या दारात थांबतो, ते लिहून आणा. नावानिशी, तारखेनिशी. कविता नंतर लिहू. आधी ही यादी घेऊन तहसीलवर जाऊ.

जय भीम!