बेघर अपंगांचा पत्ता

महाराष्ट्र शासनाने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. ज्याला कोणाचाच आधार नाही त्याला शासनाचा आधार मिळावा, हा तिचा हेतू नावातच स्पष्ट आहे. अपंग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु रेल्वे स्थानकाबाहेर अथवा उड्डाणपुलाखाली रात्र काढणाऱ्या अपंगाला या वाढीचा उपयोग नाही; कारण मुळात तो अर्जदारच होऊ शकत नाही.

या योजनेसाठी महाराष्ट्रातील किमान १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि बँकेत खातेही लागते. यांतील प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावर उभा आहे आणि सर्वांच्या तळाशी घराचा पत्ता आहे. पंधरा वर्षे एकाच पदपथावर काढली तरी त्या वास्तव्याची नोंद कोणत्याही दप्तरी नसते. होते नव्हते ते कागद पावसात भिजले की रुग्णालय आणि तहसील कचेरीच्या खेपा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. ज्याला चालता येत नाही त्याला प्रत्येक खेपेला दुसऱ्याचा खांदा आणि रिक्षाचे भाडे लागते. म्हणजे अनुदान मिळविण्याचा खर्च ज्याची गरज सर्वांत मोठी त्यालाच सर्वांत अधिक पडतो.

कागदपत्रांचा आग्रह सोडला तर बोगस लाभार्थी वाढतील, हा आक्षेप पोकळ नाही. परंतु चुका दोन प्रकारच्या असतात. अपात्राला अनुदान मिळणे ही एक आणि पात्र माणूस वगळला जाणे ही दुसरी. पहिली हिशेबतपासणीत सापडते. दुसरीची नोंदच होत नाही, म्हणून ती चूकच नव्हे असा समज दृढ होतो. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. मोजणीसाठी जे सापडले, ते मदतीसाठी सापडू नयेत, हे पटण्यासारखे नाही.

मार्ग अज्ञातही नाही. बेघर व्यक्तीचे नाव मतदारयादीत घालताना निवडणूक आयोग पत्त्याचा पुरावा मागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जाऊन ती व्यक्ती तेथे झोपते की नाही याची खात्री करून घेतो. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना निवासाच्या पुराव्याविना, अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यावे, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मोकळा केला. दोन्ही ठिकाणी पुरावा आणण्याचे ओझे नागरिकावरून उतरवून यंत्रणेवर ठेवले आहे.

अनुदानाच्या बाबतीत हेच करावे लागेल. निवारा केंद्राचा पत्ता अर्जासाठी ग्राह्य धरावा. जे केंद्रात राहत नाहीत त्यांची जागेवर पाहणी करावी. आणि ठरावीक दिवशी डॉक्टर, तहसील कचेरीचा कर्मचारी व बँकेचा प्रतिनिधी यांनी एकाच ठिकाणी बसावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सामाजिक सुरक्षेची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मतासाठी ज्याचा पदपथ शासनाला चालतो, त्याच्या अनुदानासाठीही तो चालला पाहिजे.