वाटा आपला, पद्धत कोणाची?

आषाढाचे अखेरचे दिवस आले की महाराष्ट्रातील मांसाहारी कुटुंबांची खरेदी किलोवरून बोकडावर जाते. पुढे श्रावण पाळायचा असतो. म्हणून अमावास्येच्या आत चार-पाच घरे मिळून एक बोकड घेतात आणि त्याचे वाटे घालतात. (दीप अमावास्येला ‘गटारी’ म्हणण्याची जी रूढी पडली आहे ती आम्हांस मुळीच रुचत नाही, पण तो स्वतंत्र विषय.) गावच्या जत्रेला आणि धुळवडीलाही हेच घडते. वीसेक किलो जिवंत वजनाच्या बोकडाचे नऊ-दहा किलो मटण पडते. एवढा व्यवहार करताना घरधनी जनावराचे वय पाहतो, वजन पाहतो, भावात घासाघीस करतो. ते कोणत्या पद्धतीने कापले जाणार, हे मात्र विचारत नाही.

झटक्यात एकाच घावात मुंडके वेगळे होते. हलाल पद्धतीत अल्लाचे नाव घेऊन गळा चिरला जातो, रक्त वाहू दिले जाते. हा धर्मविधी आहे आणि तो मुसलमानांनी आपल्यापुरता पाळावा, याबद्दल कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने कलम २८ मध्ये धर्माने आवश्यक ठरविलेल्या पद्धतीने पशू मारण्यास मोकळीक दिली आहे, आणि ती मोकळीक सर्व समाजांना आहे. शिखांच्या रहत मर्यादेत तर ‘कुठा’ मांस स्पष्टपणे वर्ज्य मानले आहे. प्रश्न आहे तो ज्याचा हा विधीच नाही, त्याच्या ताटाचा.

येथे कोणी म्हणेल, गावगाड्यात मुलाणी होताच की! होता. मराठ्यांच्या घरचा बोकडही मुलाण्याच्याच सुरीखाली जाई आणि त्याबद्दल त्याचा हक्क ठरलेला असे. हा इतिहास नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो व्यवहार गावाचा होता. सुरी कोणाची, हे साऱ्या आळीला ठाऊक असे, आणि मुलाणीही त्याच गावाचा आश्रित व सांभाळकर्ता होता. आज शहरातील गृहिणी महिन्याभराचे मटण-चिकन एकदम मागवून शीतकपाटात भरते, तेव्हा त्या पिशवीमागे ओळखीचा मुलाणी नसतो. तेथे असते खाजगी धार्मिक संस्थेने शुल्क घेऊन दिलेले प्रमाणपत्र. त्याच्या अटींनुसार कापणारा मुसलमानच असावा लागतो. म्हणजे गिऱ्हाईक बहुसंख्येने हिंदू आणि कापण्याचे काम मात्र हिंदू कामगाराला बंद!

निर्यातीसाठी आयातदार देशाने ही अट घातली तर ती समजू शकते. ‘अपेडा’ने जानेवारी २०२१ मध्ये आपल्या मांसविषयक नियमपुस्तिकेतून ‘हलाल’ हा शब्द काढून आयातदार देशाच्या गरजेनुसार कत्तल, अशी वाक्यरचना केली, ती योग्यच होती. देशांतर्गत बाजारात अशी अट कोणाच्या गरजेने आली, याचे उत्तर विक्रेत्यांनी द्यावे. दोन प्रकारचा माल ठेवण्यापेक्षा एकच प्रकार सर्वांना खपविणे त्यांना सोयीचे जाते, एवढेच बहुधा ते उत्तर असेल. हिंदू गिऱ्हाईक हरकत घेत नाही, हे त्यांनी ओळखले आहे.

याचा फटका बसतो तो खाटीक समाजाला. या समाजाकडे पाहण्याची आपल्यातीलच अनेकांची दृष्टी काय आहे, हेही स्पष्टपणे बोलले पाहिजे. मटण हवे, पण खाटकाची वस्ती शेजारी नको. त्याच्या हातचे खायचे, पण पंगतीत त्याला दूर ठेवायचे. मग त्याच्या मुलाने सुरी टाकून दिली तर दोष कोणाचा? मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली. नावावरून जेजुरीतच मतभेद व्यक्त झाले. ते मिटोत वा न मिटोत, प्रमाणपत्राने दुकानात शीतपेटी येत नाही, फरशी धुतली जात नाही आणि वजनही चोख होत नाही. ती तजवीज समाजाच्या पतसंस्थांनी आणि सहकारी बँकांनी करावी. नाहीतर भक्तिभावाने एकदा आलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा वातानुकूलित दुकानात जाईल.

दुकान हिंदू खाटकाचे आहे म्हणून मांस झटक्याचेच असेल, असेही गृहीत धरता येत नाही. तेव्हा उघड माहिती हाच मार्ग उरतो. शाकाहारी पदार्थावर हिरवी आणि मांसाहारी पदार्थावर तपकिरी खूण सक्तीची करताना कोणाचा धर्म बुडाला नाही. तत्कालीन दक्षिण दिल्ली महापालिकेने जानेवारी २०२१ मध्ये दुकाने व उपाहारगृहे यांनी मांस हलालचे की झटक्याचे हे फलकावर लिहावे, असा ठराव केला होता. त्यात मुसलमान ग्राहकाचीही सोय आहे, कारण त्यालाही खात्री हवीच असते. महाराष्ट्रातील महापालिकांनी आणि नगरपालिकांनी असा ठराव करावा, पावतीवरही तशी नोंद सक्तीची करावी. आणि वाटे घालण्यासाठी पैसे गोळा करणाऱ्याने, बोकड ठरविण्यापूर्वी, चारही घरांना हा एक प्रश्न विचारून घ्यावा.