सकाळी धावलात ना? मग संध्याकाळचंही तुमचंच!

मंडळी, जुलै आला की फीडवर तेच फोटो. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात लाल रुमाल आणि खाली कॅप्शन: ‘बकेट लिस्ट पूर्ण!’ स्पेनमधलं पाम्प्लोना, सान फर्मिनचा उत्सव. २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला आणि आपल्याकडच्या पोरांना कळलं की भीती घालवायची असेल तर वळूंपुढे धावायचं.

पिक्चर तिथंच संपतो. वळूंचा दिवस मात्र तिथं संपत नाही.

आधी हे नेमकं काय असतं ते बघा. ७ ते १४ जुलै, रोज सकाळी ८ वाजता, सांतो दोमिंगोच्या गोठ्यातून सहा वळू सुटतात. सोबत वाट दाखवायला सरावलेले बैल असतात. जुन्या गावातल्या गल्ल्यांमधून साधारण ८७५ मीटर धावून ते थेट झुंजीच्या रिंगणात जातात. सगळा खेळ जेमतेम अडीच-तीन मिनिटांचा. स्पॅनिशमध्ये याला ‘एन्सिएरो’ म्हणतात. अर्थ काय? कोंडणं. म्हणजे ही शर्यत नाहीच, ही जनावरांची ने-आण आहे. आणि सकाळी कोंडलेले तेच सहा वळू संध्याकाळी त्याच रिंगणात मारले जातात. आधी घोड्यावरून भाला, मग पाठीत काटेरी काठ्या, शेवटी तलवार. आठ दिवस, रोज सहा. हिशोब करा: ४८.

आता आपले पर्यटक म्हणतात, ‘आम्ही फक्त सकाळचं बघतो हो, संध्याकाळचं क्रूर असतं, ते नाही बघत.’ वा! लग्नाची वरात नाचून काढायची आणि लग्न लागलं त्याच्याशी आपला संबंध नाही म्हणायचं! संध्याकाळची झुंज नसेल तर सकाळी ते वळू त्या रस्त्यावर येणारच नाहीत. एस्ताफेता गल्लीतल्या बाल्कनीचं भाडं नाश्त्यासकट भरलंत ना? मग निम्म्या कार्यक्रमाचं तिकीट काढल्याचा आव आणू नका.

दुसरा मुद्दा ‘ती त्यांची संस्कृती आहे’. ठीक. पण ‘त्यांची’ म्हणजे कुणाची? कॅटलोनियाच्या संसदेने २०१० मध्ये झुंजींवर बंदी आणली. २०१६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. २०२४ मध्ये स्पेनच्या संस्कृती मंत्रालयाने झुंजींसाठीचा राष्ट्रीय पुरस्कारच बंद केला. म्हणजे त्यांच्याच घरात जोरात भांडण चालू आहे. त्यात तुम्ही युरो घेऊन उतरता तेव्हा तटस्थ नसता, एका बाजूला वजन टाकत असता.

दुसऱ्या बाजूचंही खरं ते सांगतो. हे वळू चारेक वर्षं मोकळ्या कुरणात वाढतात, आपल्या पोल्ट्रीतल्या कोंबडीपेक्षा शंभरपट चांगले जगतात. पाम्प्लोनाच्या झुंजींचं उत्पन्न तिथल्या वृद्धाश्रमाला जातं. आणि गावातले जुने धावणारे वर्षानुवर्षं सराव करतात, धावण्याआधी संताच्या मूर्तीपुढे गाणं म्हणतात. त्यांच्याशी वाद घालता येतो, पण त्यांना संध्याकाळ ठाऊक असते आणि ते ती नाकारत नाहीत. रात्रभर सांग्रिया पिऊन सकाळी गल्लीत उतरणाऱ्या पाहुण्याचं काय? १९१० पासूनच्या नोंदींत १६ माणसं यात मेली आहेत, शेवटचा मृत्यू २००९ चा. धावताना मोबाइल काढला तर दंड होतो, कारण सेल्फीवाला स्वतः पडतो आणि मागच्या चौघांना पाडतो.

आणि आता खरी मेख. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा शहरातल्या किती जणांनी टाळ्या वाजवल्या, आठवा. ‘गावंढळ, क्रूर, अडाणी’ अशी विशेषणं शेतकऱ्याला लावली. २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला तेव्हा पुन्हा तोच सूर. शर्यतीत चाबूक नको, शेपूट पिरगाळणं नको, ही मागणी शंभर टक्के बरोबरच आहे. पण शर्यत झाल्यावर आपला बैल गोठ्यात परत येतो, पोळ्याला पुरणपोळी खातो. चाकण-मंचरचा घाट ‘क्रौर्य’ आणि पाम्प्लोनाची गल्ली ‘ॲडव्हेंचर’? फरक जनावराच्या वेदनेत आहे की व्हिसाच्या शिक्क्यात?

‘मटण खाता ना, मग कशाला बोलता?’ हे कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. खातो. पण बोकड कापताना तिकीट लावून, बँड वाजवून, वीस मिनिटं रंगवून कापत नाहीत.

स्पेनला जरूर जा. पाम्प्लोनालाही जा, जुलै सोडून अकरा महिने ते गाव तिथंच असतं. आणि जुलैतच जायचं असेल तर संध्याकाळचंही तिकीट काढा, सहावा वळू पडेपर्यंत बसा, आणि मग टाका फोटो. कॅप्शन काय लिहिता ते वाचायला आवडेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा.